क्री लोकांच्या जुन्या फोटोंखाली तारीख लिहिण्याआधी : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी मासिके, दिवाळी अंक, मुलांची माहितीपर पुस्तके आणि आंतरजालावरची इतिहासाची पाने यांचे संपादक व चित्रनिवड करणारे सर्व,

विषय : कॅनडातील मूळनिवासी क्री लोकांची जुनी छायाचित्रे, त्यांच्या फोटोओळी आणि तारखा

सप्रेम नमस्कार.

एका लहान मुलाचे जोडचित्र तुम्ही नक्की पाहिले असेल. एका बाजूला लांब केस, मण्यांचे काम केलेला पोशाख आणि हातात पिस्तूल. दुसऱ्या बाजूला तोच मुलगा, केस कापलेले, अंगात शाळेचा गणवेश. मुलाचे नाव थॉमस मूर कीसिक, गाव कॅनडातले रेजायना. जगभर कित्येक ठिकाणी या चित्राखाली १८७४ हे साल छापले गेले आहे आणि बऱ्याचदा ‘क्री मुलगा’ असेही लिहिलेले असते.

आता तपासून पाहू. १८७४ मध्ये रेजायना नावाचे गावच नव्हते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ तिथे पोहोचले ते १८८२ मध्ये, आणि गाव वसले तेही त्याच वर्षी. त्याआधी ती जागा बायसन, म्हणजे तिथले रानबैल, यांच्या हाडांच्या ढिगाच्या नावाने ओळखली जाई. हा मुलगा ज्या औद्योगिक निवासी शाळेत होता ती १८९१ मध्ये सुरू झाली, आणि ही चित्रे छापली गेली ती कॅनडा सरकारच्या इंडियन खात्याच्या, म्हणजे मूळनिवासींचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या, १८९६ सालच्या वार्षिक अहवालात. म्हणजे तारीख १८९१ ते १८९६ यांच्यामध्येच कुठेतरी. मुलाची मस्कोपीटंग वस्ती मुख्यतः सोटो या दुसऱ्या मूळनिवासी लोकांची म्हणून नोंदलेली आहे. त्यामुळे नुसते ‘क्री’ लिहिणेही घाईचे ठरते.

पंधरा-वीस वर्षांनी काय बिघडते, असे कुणी विचारेल. त्या भागातल्या मूळनिवासींशी सरकारचा करार क्रमांक ४ झाला तोच मुळी सप्टेंबर १८७४ मध्ये. तेव्हा माळावर बायसन होते आणि लोक स्वतःच्या मर्जीने हिंडत होते. १८९१ पर्यंत बायसन संपले होते, उपासमार होऊन गेली होती, मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक) आणि काही क्री यांचा सरकारविरुद्धचा १८८५ चा उठाव चिरडला गेला होता आणि राखीव वस्तीबाहेर पडायला सरकारी माणसाचा पास लागत होता. १८७४ लिहिले की ते चित्र ‘पहिल्या भेटीचे’ वाटते. १८९० चे दशक लिहिले की ते पकडीत आलेल्या समाजाच्या मुलाचे चित्र होते. तारीख बदलली की फोटोतला माणूस बदलतो, म्हणून हे पत्र.

सर्वात आधी नावाचा गोंधळ. मराठीत क्री, क्रीक आणि क्रो ही तीन नावे सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. क्रीक, म्हणजे मस्कोगी, हे अमेरिकेच्या आग्नेय भागातले लोक. क्रो हे माँटानातले. क्री हे मुख्यतः कॅनडातले, पूर्वेला क्वेबेकपासून पश्चिमेला आल्बर्टापर्यंत पसरलेले. माळावरचे क्री स्वतःला नेहियावक म्हणतात. जंगलातले क्री, दलदलीच्या प्रदेशातले क्री, जेम्स उपसागराकाठचे क्री यांची बोली, घरे आणि कपडे वेगवेगळे आहेत. पिसांचा मुकुट आणि घोडा या कल्पनेत जेम्स उपसागराकडच्या मूस फॅक्टरी या ठाण्याचा बर्फावर चालणारा शिकारी बसत नाही, पण तोही क्रीच. आणि ‘रेड इंडियन’ हा शब्द फोटोओळीतून आता काढून टाका. मूळ ओळीत असेल तर अवतरणचिन्हांत ठेवा, म्हणजे तो कुणाचा शब्द आहे ते वाचकाला कळेल.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक जुन्या फोटोला दोन तारखा असतात. एक, काचेवर किंवा फिल्मवर प्रकाश पडला ती. दुसरी, हातातली प्रत कागदावर छापली गेली ती. या दोन्हींमध्ये कधी दोन दिवसांचे, तर कधी चाळीस वर्षांचे अंतर असते. कागद आणि पुठ्ठा पाहून आपण दुसरी तारीख ठरवतो आणि नकळत ती पहिलीच्या जागी लिहितो. आमच्या पाहण्यात आलेल्या चुकीच्या तारखांपैकी बहुतेक इथेच घसरलेल्या असतात. शिवाय अभिलेखागारातली ओळही शंभर वर्षांत कुणी ना कुणी लिहिलेली असते. दाता, कारकून, दुकानदार, कुणीही. ती पुरावा नव्हे, दावा आहे. दाव्याला आधार शोधायचा असतो.

हाती मूळ प्रत असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. फोटो आणि पुठ्ठा वेगवेगळे मोजा, मिलिमीटरमध्ये. सुमारे ६४ बाय १०० मिलिमीटरचा छोटा पुठ्ठा म्हणजे ‘कार्त द व्हिझित’, १८६० च्या दशकापासून पुढचा. पुठ्ठा पातळ आणि कोपरे चौकोनी असतील तर सुरुवातीचा, जाड आणि कोपरे गोल असतील तर बहुधा १८७० नंतरचा. सुमारे १०८ बाय १६५ मिलिमीटरचे ‘कॅबिनेट कार्ड’ १८६६ नंतर आले. गडद रंगाचा पुठ्ठा, तिरप्या कापाच्या सोनेरी कडा आणि स्टुडिओचे मोठे नक्षीदार नाव असेल तर आपण १८८० आणि १८९० च्या दशकांत आहोत. दोन चित्रे शेजारी शेजारी असलेले ‘स्टिरिओ कार्ड’ सुमारे ८९ बाय १७८ मिलिमीटरचे असते. त्याचा पुठ्ठा किंचित वाकवलेला असेल तर साधारण १८८० नंतरचा. चित्र गोल आणि जेमतेम अडीच इंच व्यासाचे असेल तर तो १८८८ मध्ये आलेला पहिला कोडॅक कॅमेरा. तिथून पुढे फोटो काढायला छायाचित्रकारच हवा असे उरले नाही. व्यापारी, पाद्री, पोलीस, सगळेच फोटो काढू लागले.

मग दहापट मोठे करून दाखवणारे भिंग घ्या. चित्राखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील, उजळ भाग पिवळसर झालेले असतील, छटा जांभळट तपकिरी असेल आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा असतील, तर तो अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर असलेला. १८५० ते साधारण १८९५ पर्यंत तो चालला. हा कागद इतका पातळ की न चिकटवता ठेवला तर गुंडाळी होतो, म्हणून तो जवळजवळ नेहमी पुठ्ठ्यावर असतो. तंतू दिसत नसतील आणि खाली गुळगुळीत पांढरा थर असेल, तर कागद १८८० च्या दशकाच्या अखेरचा किंवा नंतरचा. काळपट, राखाडी छटा आणि काठाला तिरप्या प्रकाशात आरशासारखी चांदीची झाक दिसली, तर जिलेटिनचा थर असलेला कागद, बहुतांशी विसाव्या शतकातला. भिंगाखाली शाईचे ठिपके दिसले तर तो फोटो नव्हे, छापील चित्र आहे. तिथे थांबा आणि मूळ शोधायला लागा.

नक्कल ओळखायची खूण सोपी आहे. चित्राच्या आत जुन्या पुठ्ठ्याची कड, टाचणीचे भोक किंवा घडीची रेघ ‘छायाचित्रित’ झालेली दिसते, पण बोट फिरवले तर पृष्ठभाग सपाट असतो. सावल्या काळ्याकुट्ट होतात, चेहऱ्यातला तपशील बुजतो. १८८५ चा फोटो १९१० च्या पोस्टकार्डावर असा सापडू शकतो. फोटो पोस्टकार्डाच्या मागे जिथे तिकीट चिकटवतात त्या चौकटीत ‘अझो’ हे कागदाचे व्यापारी नाव आणि चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ चा. दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ नंतरचा. टपालाचा शिक्का असेल तर ती शेवटची मर्यादा. फोटो त्या दिवसानंतरचा असू शकत नाही. पण यातले काहीच फोटो कधी काढला ते सांगत नाही, कागद कधीचा ते सांगते.

टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा फोटो, उलटा असतो. डावा हात उजवा दिसतो. कोटाची बटणे कोणत्या बाजूला आहेत, सुरी कोणत्या कमरेला आहे यावरून निष्कर्ष काढण्याआधी हे लक्षात घ्या. वर्णनात ‘उलट प्रतिमा’ असे लिहा, पण चित्र स्वतः सरळ करून छापू नका.

प्रकाशाचा एक विषय आहे, त्याकडे मराठीत जवळजवळ कुणीच लक्ष दिलेले नाही. १८८० पर्यंत माळावरचे फोटो ओल्या कोलोडियन काचेवर निघत. काचेवर थर द्यायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायचा. सगळे सामान गाडीवरून किंवा होडीतून न्यायचे. पाणी गढूळ असले की डाग पडत, वारा सुटला की धूळ चिकटे. म्हणून अशा फोटोंत माणसे स्थिर बसलेली, कुत्र्याचे शेपूट मात्र धूसर आणि एका कोपऱ्यात काच धरल्याची खूण. त्या थराला फक्त निळा आणि जांभळा प्रकाश नीट कळत असे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येते, निळे मणी पांढुरके येतात आणि लाल, पिवळा रंग काळवंडतो. चेहऱ्यावर लावलेला लाल रंग या फोटोंत काळा डाग म्हणून दिसतो. आता समजा एखाद्याने संगणकाकडून हा फोटो रंगवून घेतला. संगणक काळ्याला काळेच समजतो, पांढुरक्याला पांढरे. परिणामी लाल रंगाने माखलेला चेहरा काजळी फासलेला होतो आणि निळ्या मण्यांची नक्षी पांढरी होते. म्हणून आमची स्पष्ट विनंती : क्री लोकांचे १९०० पूर्वीचे फोटो रंगवून छापू नका, ‘काल्पनिक रंग’ असे लिहूनही नको. तो पोशाख आजही घातला जातो, त्या रंगांना आजही अर्थ आहे. १८८० नंतर कोरड्या जिलेटिन काचा सर्रास मिळू लागल्या आणि क्षणाच्या छोट्या भागात फोटो निघू लागला. धावता घोडा स्पष्ट दिसत असेल तर त्या फोटोखाली १८७० चे दशक लिहू नका. १८८५ च्या उठावात तोफखान्यातले कॅप्टन जेम्स पीटर्स फिश क्रीक आणि बटॉशच्या लढाईत हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढू शकले, ते कोरड्या काचांमुळेच.

खालची मर्यादाही ठरवता येते. कॅनडाच्या प्रेअरीवरचे, म्हणजे माळावरचे, पहिले टिकून राहिलेले फोटो १८५८ चे. हेन्री यूल हिंड यांच्या शोधमोहिमेबरोबर गेलेल्या हम्फ्री लॉइड हाइम यांनी ते लाल नदीच्या वसाहतीत काढले. जेम्स उपसागराकडे हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे जेम्स कॉटर यांनी मूस फॅक्टरीला १८६० च्या दशकापासून फोटो काढले. त्यामुळे माळावरच्या क्री योद्ध्याच्या फोटोखाली १८४० हे दशक दिसले की ती ओळ छापायची नाही, मग ती कुठूनही आलेली असो.

पुठ्ठ्यावरचे स्टुडिओचे नाव सगळ्यांना पुरावा वाटते. एडमंटनच्या अर्नेस्ट ब्राउन यांचे उदाहरण घ्या. ब्राउन यांनी १९०४ मध्ये सी. डब्ल्यू. मॅथर्स यांचा स्टुडिओ घेतला आणि मॅथर्स यांच्या जुन्या निगेटिव्ह पुढे ब्राउनकडे आल्या. त्यांवरून काढलेल्या प्रतींवर ब्राउन यांचे नाव आहे. आज तो मोठा संग्रह आल्बर्टाच्या प्रांतिक अभिलेखागारात आहे. ब्राउन यांचे नाव दिसले म्हणून ‘छायाचित्र : अर्नेस्ट ब्राउन, १९०५’ असे लिहिले, तर छायाचित्रकार आणि साल दोन्ही चुकण्याची दाट शक्यता. निगेटिव्हवर कोपऱ्यात कोरलेला क्रमांक शोधा, तोच क्रमांक दुसऱ्या प्रतीवर आणखी कुणाच्या नावाने आहे का ते पाहा. नाव विकत घेता येते, क्रमांकांची मालिका सहसा जुनीच राहते.

नावाखालचा पत्ता मात्र फार उपयोगी. आल्बर्टा आणि सस्कॅचवान हे प्रांत १ सप्टेंबर १९०५ ला झाले. त्याआधी तो सगळा वायव्य प्रदेश होता आणि १८८२ मध्ये त्याचे असिनिबोइया, सस्कॅचवान, आल्बर्टा आणि अथाबास्का असे जिल्हे पाडले होते. पुठ्ठ्यावर रेजायना किंवा मेपल क्रीकच्या पुढे असिनिबोइयाचे संक्षिप्त रूप छापलेले असेल, तर पुठ्ठा १८८२ ते १९०५ मधलाच. पण बॅटलफर्ड, सस्कॅचवान एवढेच असेल तर काही सिद्ध होत नाही, कारण बॅटलफर्ड आधी त्याच नावाच्या जिल्ह्यात होते आणि नंतर त्याच नावाच्या प्रांतात. पोलिसांच्या नावाचेही असेच. वायव्य घोडदळ पोलीस १८७३ चे, त्यांच्या नावात ‘रॉयल’ आले १९०४ मध्ये, आजचे नाव १९२० चे. १८८५ च्या फोटोवर आजचे नाव असेल तर फोटो खोटा ठरत नाही, ओळ नंतर लिहिलेली ठरते.

बॅटलफर्डचा विषय निघाला म्हणून जेराल्डिन मूडी यांचे नाव घ्यायला हवे. १८९० च्या दशकात त्यांनी तिथे क्री लोकांचे फोटो काढले आणि १८९५ मध्ये काहींचे कॉपीराइट नोंदवले. १८९५ ते १९२४ या काळात कॅनडात नोंदवलेल्या फोटोंची एक प्रत लंडनला जात असे. तो संच आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याचा मोठा भाग आंतरजालावर मोफत मिळतो. तिथली तारीख नोंदणीची आहे, फोटोची नव्हे, पण ‘याच्या नंतर नाही’ एवढे ती खात्रीने सांगते.

चित्राच्या आतले पुरावे शेवटी पाहा, कारण तिथे डोळा सर्वात जास्त फसतो. करारावर सही करणाऱ्या प्रमुखांना चांदीचे पदक मिळे. त्यावर एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला अधिकारी आणि प्रमुख हस्तांदोलन करताना, शिवाय कराराचे साल. क्रमांक ६ चा करार १८७६ मध्ये फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिटला झाला. ते पदक छातीवर असेल तर फोटो १८७६ च्या आधीचा नाही. एवढेच. पदक पुढे मुलाकडे, नातवाकडे जाते, म्हणून वरची मर्यादा त्यावरून ठरत नाही. छातीवरच्या लांब हाडी नळ्यांच्या पट्ट्या १८८० च्या सुमारास बाजारात मुबलक आल्या, त्याआधी अशा नळ्या शिंपल्याच्या असत आणि सहज फुटत. कातड्याच्या टिपीऐवजी (टिपी म्हणजे शंकूच्या आकाराचा तंबू) कापडी टिपी दिसणे हे १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या माळावरून बायसन संपल्याचे चिन्ह. काटेरी तारेचे कुंपण १८७४ नंतरचे. या खुणा ‘याच्या आधी नाही’ असे सांगतात, ‘याच साली’ असे कधीच नाही.

आणि कपडे पाहून जमात ठरवू नका. भेटी, व्यापार, लग्ने यांतून कपडे जमातीजमातींत फिरत, आणि स्टुडिओत बंदूक, शिरोभूषण, कातडे अशी सामग्री तयार ठेवलेली असे. एकच बंदूक एकाच गालिच्यावर चार वेगवेगळ्या माणसांच्या हातात दिसली, तर ती बंदूक छायाचित्रकाराची. मागचा रंगवलेला पडदा, खुर्चीचा कोरीव पाय, गालिच्यावरची फुले यांची नोंद ठेवा. त्यांवरून स्टुडिओ ओळखता येतो, आणि त्या गावात तो स्टुडिओ किती वर्षे होता ते गावोगावची माणसे आणि धंदे यांचे पत्ते देणाऱ्या जुन्या हेंडरसन निर्देशिकांत सापडते. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस यांनी क्री लोकांचे काढलेले फोटो १९२० च्या दशकातले आहेत, त्यांच्या ग्रंथमालेचा तो खंड १९२८ मध्ये निघाला. ते पाहून वाटते १८७० चे, कारण आधुनिक वस्तू चौकटीबाहेर ठेवायचा त्यांचा रिवाज होता. त्यांच्या फोटोखाली एकोणिसावे शतक लिहू नका.

एक फोटो जरा जवळून पाहू. पाच पुरुष, तिघे बसलेले, दोघे उभे. बसलेले आहेत अहताहकाकूप, काहकिविस्तहाव आणि मिस्तावासिस. उभे आहेत लुई ओसूप आणि दुभाषे पीटर हाउरी. मराठी वाचक हा फोटो पाहून म्हणेल, प्रेअरीवरचे क्री प्रमुख. पण फोटो प्रेअरीवरचा नाही. तो ऑक्टोबर १८८६ मध्ये ओंटारिओतल्या ब्रँटफर्डला काढलेला आहे. अठराव्या शतकातले मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँट यांच्या स्मारकाच्या अनावरणासाठी सरकारने या प्रमुखांना रेल्वेने पूर्वेकडे नेले होते, कारण आदल्या वर्षीच्या उठावात ते सामील झाले नव्हते. ओसूप हे सोटो होते, क्री नव्हे. ‘प्रेअरी, १८८०’ अशी ओळ टाकली की ठिकाण चुकते, साल चुकते, एकाची ओळख चुकते आणि मुख्य गोष्ट पुसली जाते : उठावानंतर सरकारने ‘निष्ठावंत’ प्रमुखांना गौरवाच्या नावाखाली मिरवले.

दुसरा फोटो ऑलिव्हर ब्यूएल यांचा, रेजायनातला. त्यात मिस्टहिमस्क्वा, ज्यांना इंग्रजीत बिग बेअर म्हणतात, त्यांचा धाकटा मुलगा हॉर्स चाइल्ड आणि पीहतोकहानपिवियिन, म्हणजे पाउंडमेकर, एकत्र बसलेले आहेत, भोवती पोलीस, पाद्री आणि वकील. यावर तारीख नसती तरी काढता आली असती. पाउंडमेकर २६ मे १८८५ ला बॅटलफर्डला शरण आले, बिग बेअर २ जुलैला फोर्ट कार्लटनला. पाउंडमेकर यांचा खटला ऑगस्टमध्ये, बिग बेअर यांचा सप्टेंबरमध्ये, दोघांना तीन-तीन वर्षे, आणि मग रवानगी स्टोनी माउंटनच्या तुरुंगात. दोघे एकाच वेळी रेजायनात असण्याचा काळ जुलै ते सप्टेंबर १८८५, एवढाच. पाउंडमेकर ४ जुलै १८८६ ला वारले, बिग बेअर १७ जानेवारी १८८८ ला. कुठे ‘पाउंडमेकर, १८९०’ दिसले, तर ओळ चुकीची किंवा माणूस दुसरा. माणसाच्या आयुष्याच्या तारखा ही आमच्या मते सर्वात भरवशाची पट्टी आहे, आणि ती मांडायला प्रयोगशाळा लागत नाही.

तारखा कुठे मिळतील? ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडामध्ये इंडियन खात्याचे दप्तर आहे. त्यात दर वर्षी कराराचा भत्ता वाटल्याच्या याद्या आहेत : वस्ती, कुटुंबप्रमुख, घरातली माणसे. एखादा माणूस कोणत्या वर्षापर्यंत यादीत आहे ते पाहिले की फोटोची वरची मर्यादा ठरते. हडसन्स बे कंपनीचे दप्तर विनिपेगला मॅनिटोबाच्या अभिलेखागारात आहे आणि तिथे कंपनीच्या नोकरांचे सेवापट एकेका पानावर मांडलेले आहेत. फोटोत ठाण्याचा अधिकारी उभा असेल तर तो त्या ठाण्यावर कोणत्या वर्षी होता ते तिथे सापडते. बॅटलफर्डचे सस्कॅचवान हेराल्ड हे पत्र १८७८ पासूनचे, एडमंटन बुलेटिन १८८० पासूनचे. फिरता छायाचित्रकार गावात आल्याची दोन ओळींची बातमी अशा पत्रांत सापडते आणि कधी कधी तीच महिना ठरवते. सीमेच्या दक्षिणेकडे पाहायलाही विसरू नका. १८८५ नंतर बरेच क्री माँटानात गेले, १८९६ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना कॅनडात परत धाडले, तरी पुष्कळजण पुन्हा परतले आणि १९१६ मध्ये तिथे रॉकी बॉय राखीव वस्ती झाली. माँटानाच्या स्टुडिओचा शिक्का असलेला क्री माणसाचा फोटो म्हणजे चूक नव्हे. कॅल्गरी, एडमंटन, विनिपेगला राहणारे मराठी वाचक या संस्थांत स्वतः जाऊ शकतात. जाताना पेन्सिल न्यावी, पेन आत चालत नाही.

फोटोच्या मागे कधी क्री लिपीतला मजकूर असतो. ही लिपी मराठी माणसाने आवर्जून पाहावी. जेम्स इव्हान्स या पाद्र्याने १८४० मध्ये नॉर्वे हाउसला ती छापली. क्री लोकांची परंपरा मात्र ती कॉलिंग बॅजर या आपल्या माणसाला मिळाली असे सांगते. तिच्या रचनेवर लघुलिपीबरोबर देवनागरीचाही प्रभाव असल्याचे अभ्यासक मानतात. एकच आकार चार दिशांना फिरवला की पे, पि, पो, पा असे स्वर बदलतात. तारीख काढायला ती उपयोगी नाही, प्रदेश ओळखायला आहे : ‘व’साठीचा ठिपका पश्चिमेकडचे क्री अक्षराच्या उजवीकडे देतात, पूर्वेकडचे डावीकडे. असा मजकूर असेल तर तो कापू नका. मागची बाजूही पुढच्या बाजूइतक्याच काळजीने, किमान ६०० डीपीआयला स्कॅन करा. लहान फोटो असेल तर १२०० ला.

नावांविषयी थोडे. ‘अज्ञात क्री स्त्री’ ही ओळ बहुतेक वेळा फोटो काढणाऱ्याचे अज्ञान सांगते. तिच्या वस्तीतल्या लोकांना ती माहीत असू शकते. लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडाने २००२ पासून जुन्या फोटोंतल्या माणसांची नावे त्यांच्याच समाजाकडून गोळा करायचे काम चालवले आहे. सुरुवात उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूइट लोकांपासून झाली, पुढे फर्स्ट नेशन्स (क्रींसारखे इतर मूळनिवासी समाज) आणि मेटी लोकांचाही समावेश झाला. छापण्याआधी त्या नोंदी पाहा, कारण पाच वर्षांपूर्वी ‘अज्ञात’ असलेल्या माणसाला आज नाव मिळालेले असू शकते. नाव क्री उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहा आणि इंग्रजी नाव दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

विधींचे फोटो छापू नका. तृषानृत्य या क्री लोकांच्या धार्मिक विधीतल्या काही गोष्टींवर १८९५ मध्ये कायद्याने बंदी आली, ती १९५१ पर्यंत होती. त्या काळातले कित्येक फोटो ज्यांचे आहेत त्यांना न विचारता काढलेले आहेत. अभिलेखागाराने मोफत दिला म्हणजे तो आपल्या मुखपृष्ठासाठी आहे, असे होत नाही. संबंधित वस्तीच्या कार्यालयाला पत्र पाठवा. उत्तर आले नाही तर दुसरा फोटो घ्या.

शेवटी फोटोओळ कशी लिहायची, तेही सांगतो. वर सांगितलेल्या ब्रँटफर्डच्या फोटोखाली आम्ही असे लिहू : ‘बसलेले : अहताहकाकूप, काहकिविस्तहाव, मिस्तावासिस. उभे : लुई ओसूप (सोटो), पीटर हाउरी, दुभाषे. ब्रँटफर्ड, ओंटारिओ, ऑक्टोबर १८८६. लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडा.’ जिथे एवढी खात्री नाही तिथे कालमर्यादा आणि तिचे कारण द्या : ‘१८८२ ते १९०५ दरम्यान, पुठ्ठ्यावरच्या पत्त्यावरून.’ कारण लिहिले की पुढचा अभ्यासक ते तपासू शकतो. ‘सुमारे १८८०’ असे नुसते लिहिले तर तो काहीच तपासू शकत नाही. संग्रहाचा नोंदक्रमांक नेहमी द्या. जागा नसेल तर छायाचित्रकाराचे नाव अंकाच्या शेवटी टाका, पण क्रमांक फोटोखालीच ठेवा.

येत्या दिवाळी अंकांची चित्रे निवडायचे काम आता सुरू होईल. ज्या फोटोविषयी शंका वाटेल तो दोन्ही बाजूंच्या स्कॅनसह आणि मिलिमीटरमधल्या मापांसह आमच्याकडे पाठवा. तारीख काढून, कारणासह कळवू. आधीच्या अंकांत चुकीची ओळ गेली असेल तर पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापा, आणि आंतरजालावरचे पान असेल तर जुनी ओळ खोडून नवी तिच्या शेजारी ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या छायाचित्रांच्या तारखांवर काम करणारे काही मराठी अभ्यासक